थाप बोलीची, थाप चेहऱ्याची

'सायकिक बिड'वर लिहीन लिहीन म्हणत बरेच वीकएंड गेले, आज मुहूर्त लागला. ब्रिज न येणाऱ्या मंडळींसाठी एका वाक्यात: हातात जी पानं नाहीत ती आहेत असं भासवून जाणूनबुजून लावलेली बोली म्हणजे सायकिक, लाडाने 'सायक'. अमेरिकेतल्या डोरोथी सिम्स बाईंनी १९३० च्या दशकात हे नाव गाजवलं, त्यावर अख्खं पुस्तकही लिहिलं. तेव्हापासून जिथे ब्रिज तिथे यावरून भांडण!

आमच्या वर्ध्याच्या चौकडीत कुणी सायक मारली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. "काऊन बे, हे तं चीटिंग हाय!" गंमत म्हणजे हाच गडी मेंढीकोट खेळताना हुकमाची दश्शी कुणाकडे आहे हे पार्टनरला कळावं म्हणून खाकरतो, डोळा मारतो, आणि वर त्याला 'अक्कल लागते' म्हणतो. ब्रिजचे नियम नेमके उलटे आहेत. बोलीने किंवा पान टाकून समोरच्याला फसवणं पूर्ण कायदेशीर. पण चेहरा, हावभाव, शेरे, मुद्दाम विचारलेले प्रश्न, उगाच लावलेला वेळ यातून फसवायला सक्त मनाई. आणि पार्टनरला खाणाखुणा करणं तर त्याहून मोठा गुन्हा. मला हे फार आवडतं. आपल्याकडे पत्त्यांच्या बाबतीत ही रेघ कुणी ओढतच नाही.

(सेवाग्राम वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर, त्यामुळे सत्याचा विषय निघाला की कुणीतरी बापूंना मध्ये आणतंच. त्यांच्या आत्मकथेच्या इंग्रजी आवृत्तीत १८९० साली पोर्टस्मथला रात्री ब्रिजचं रबर खेळल्याचा उल्लेख आहे. पण आपण खेळतो तो काँट्रॅक्ट ब्रिज हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये बसवला, तेव्हा सायकच्या बाबतीत त्यांचा दाखला चालणार नाही. असो.)

आता सायकवर उतारा काय? चिडणं हा उतारा नाही, डायरेक्टरला बोलावणंही नाही. गणित आणि आधी ठरवून ठेवलेली बोलीभाषा, एवढंच.

नेहमीची केस घ्या. उजवीकडचा शेजारी काही बोलण्याआधी डावीकडच्याने 'एक बदाम' म्हटलं. तुमच्या पार्टनरने डबल दिलं, म्हणजे 'माझ्याकडे ओपनिंगचा हात आहे आणि बाकीचे तिन्ही रंग आहेत, तू बोल'. आता उजवीकडचा शांतपणे म्हणतो 'एक इस्पिक'. तुमच्या हातात राजा-गुलामासकट पाच इस्पिक. मोजा की! पार्टनरची साधारण चार, तुमची पाच, झाली नऊ. उरली चार. आणि हा म्हणतो माझ्याकडे किमान चार आहेत. म्हणजे बदाम बोललेल्याकडे एकही इस्पिक नाही. असू शकतं, पण पैज लावायची तर मी थापेवर लावीन. याच्या हातात बहुतेक भरपूर बदाम आहेत, पॉइंट यथातथाच, आणि तुमचा इस्पिकचा डाव चोरायचा बेत आहे.

उतारा जुना आणि सोपा आहे. चार इस्पिक आणि बऱ्यापैकी पॉइंट असतील तर डबल, अर्थ 'तू खोटं बोलतोयस, ही पानं माझ्याकडे आहेत'. पाच असतील तर सरळ 'दोन इस्पिक', त्यांचाच रंग, आणि तो खराखुरा. पण हे पार्टनरशी आधी बोललेलं हवं! नाहीतर त्याला वाटेल, शत्रूचा रंग बोललाय म्हणजे काहीतरी जबरदस्त हात आहे, आणि तो तुम्हाला पाचव्या मजल्यावर नेऊन सोडेल. माझ्या पाहण्यात सायकने जेवढे डाव बुडतात त्याहून जास्त या गैरसमजाने बुडतात.

दुसरी केस उलटी आहे. पार्टनर म्हणाला 'एक किलवर', पुढचा 'एक इस्पिक', आणि इस्पिक तर तुमच्याच हातात बसलेत. हात शिवशिवतो. पण निगेटिव्ह डबल खेळत असाल तर तुमच्या डबलचा अर्थ होतो बदाम. तेव्हा गप पास द्या. फिरून पार्टनरकडे येईल, तो डबल देईल, तुम्ही पुन्हा पास. बस, थाप मारणारा आता स्वतःच्या थापेत खेळतोय. अर्थात यासाठी पार्टनरने तिथे डबल देण्याची शिस्त पाळली पाहिजे.

सगळ्यात सावध राहायची जागा म्हणजे दोन पासनंतरचा तिसरा खेळाडू, तोही व्हल्नरेबल नसताना. त्याला माहीत असतं की चौथ्याकडे माल आहे, आणि पडला तरी स्वस्तात पडेल. डबल होऊन तीन हात कमी पडले तर ५०० जातात, आणि तुमचा व्हल्नरेबल चार इस्पिकचा गेम ६२० चा होता. हिशोब त्याच्याच फायद्याचा!

पण एक लक्षात घ्या. सायक पहिल्यांदा फसवते ती स्वतःच्या पार्टनरला. त्याच्याकडे भरपूर इस्पिक असतील तर तो बिचारा बोली उचलत चौथ्या मजल्यावर जाईल, आणि तसं जायलाच हवं. जर तो चांगली पानं असूनही गुपचूप थांबला, तर मात्र माझा आवाज चढतो. कारण मग ती थाप राहिलीच नाही, ती दोघांमधली सांकेतिक भाषा झाली, आणि आम्हाला ती सांगितलेली नाही. नियमही हेच म्हणतात: पार्टनरला थापेची कल्पना आमच्यापेक्षा जास्त असता कामा नये. ब्रिजमधली खरी फसवणूक कायम पार्टनरांच्या मधेच सापडते. २०१५ मध्ये नॉर्वेच्या बोये ब्रोगेलांडने इस्रायलच्या फिशर-श्वार्त्झ जोडीवर उघड आरोप केले, ते सायकबद्दल नव्हते. बोर्ड टेबलावर कुठे ठेवला जातो, त्यातून संकेत दिले जात होते. युरोपियन ब्रिज लीगने त्यांच्यावर बंदी घातली.

म्हणून ऑनलाइन टेबलांवर 'नो सायक' अशी पाटी दिसली की मला ती पटत नाही. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण आणल्यावर ब्रिजची जरा चर्चा झाली, आपल्या पिढीतले काही जण शिकायला लागले. त्यांना थापेपासून झाकून ठेवलं तर समोरच्याच्या बोलीवर शंका घ्यायची सवय लागणार कधी? युजरने पाठवलेला इनपुट न तपासता डेटाबेसमध्ये ढकलत नाही ना आपण? :-)

हां, महिन्याभरापूर्वी शिकलेल्या पोरीसमोर तीस वर्षं खेळलेल्या काकांनी दर संध्याकाळी सायक मारणं हा माझ्या मते माज आहे, नियमात बसत असला तरी. ती पुढच्या आठवड्यात येणार नाही, आणि काका म्हणणार नवीन पिढीला दम नाही. त्यावर बंदीपेक्षा एक साधी वही बरी. कुणी, कधी, कुठल्या पानांवर सायक मारली, आणि पार्टनरने पुढे काय केलं, एवढंच लिहायचं. सहा महिन्यांत कुठली जोडी धाडसी आणि कुठली लबाड, ते वहीतूनच दिसेल.