उशाशी कोण?

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत राबणारा इथला कामगार बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला. एका खोलीत आठ-दहा जण. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथेच आडवी होते. असा माणूस न्यूमोनियाने किंवा क्षयाने रुग्णालयात दाखल झाला की पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण आहे?’ अनेकदा कोणीच नसते. साथीदाराने खाडा केला तर त्याची मजुरी बुडते. तो केसपेपर काढतो, बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवतो आणि पाळीला जातो.

या साध्या प्रश्नात आपल्या आरोग्यव्यवस्थेचे एक गृहीत दडले आहे. पाणी पाजणे, कूस बदलणे, तोंड पुसणे, बेडपॅन देणे, सलाइन संपत आल्याचे सांगणे ही सारी कामे नातेवाइकांची, असे आपण धरून चाललो आहोत. नर्सिंगचे शास्त्र मात्र नेमके याच कामांपासून सुरू होते.

क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकडेवारीने दाखवले. १८५९ मधील आपल्या पुस्तकात त्यांनी स्वच्छ हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, आहार आणि रुग्णाचे बारीक निरीक्षण यांवर भर दिला. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. विसाव्या शतकात व्हर्जिनिया हेंडरसन यांनी हा विचार नेमका केला. अंगात ताकद, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर जे रुग्णाने स्वतःच केले असते, ते त्याच्यासाठी करणे आणि लवकरात लवकर त्याला पुन्हा स्वतःच्या पायावर उभे करणे, हे परिचारिकेचे काम. त्यासाठी त्यांनी श्वास घेण्यापासून झोपेपर्यंत आणि श्रद्धेपासून शिकण्यापर्यंत चौदा गरजा मांडल्या.

हे वाचायला सोपे वाटते, म्हणून त्याला कमी लेखले जाते. पण झोपून असलेल्या रुग्णाची कूस वेळच्या वेळी बदलली नाही, तर त्वचेवर सतत दाब पडून तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होतात. श्वासाची गती मिनिटाला अठरावरून अठ्ठावीसवर गेली, तर ती अनेकदा प्रकृती ढासळत असल्याची पहिली खूण असते. ती टिपायला रुग्णाशेजारी मिनिटभर उभे राहावे लागते. युरोपातील नऊ देशांच्या रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती तेवढीच घटते, असे त्यात आढळले. थोडक्यात, संख्याही हवी आणि शिक्षणही.

आता हिशेब करून पाहा. समजा, रात्रपाळीला एका सिस्टरकडे चाळीस रुग्ण आहेत आणि त्यातल्या दहांना स्वतःहून वळता येत नाही. दर दोन तासांनी प्रत्येकासाठी दहा मिनिटे धरली तरी शंभर मिनिटे त्यातच जातात. उरलेल्या वीस मिनिटांत तीस जणांची औषधे, इंजेक्शने, नवीन भरती आणि रजिस्टर! मग पुस्तकातले शास्त्र पुस्तकातच राहते आणि ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न खाटेपर्यंत येतो. सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मधले. प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांची नोंद १८९१ ची आहे. तरीही १९४६ च्या भोर समितीला साऱ्या देशात जेमतेम सात हजार परिचारिका आढळल्या. १९४७ चा नर्सिंग कौन्सिल कायदा त्यानंतरचा. आता त्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संमत झाला आहे. त्यात राज्य आयोग, एकसमान प्रवेशप्रक्रिया आणि नोंदवही यांची तरतूद आहे. बीएस्सीच्या २०२१ च्या अभ्यासक्रमातही पहिल्याच वर्षी ‘नर्सिंग फाउंडेशन’ शिकवले जाते.

शिक्षण सुधारेल, ते चांगलेच. पण उत्तम शिकलेली परिचारिका चाळीस खाटांमध्ये एकटी सोडली, तर तिचे शिक्षण वाया जाते. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या, तेव्हा चर्चा झाली ती रखडलेल्या शस्त्रक्रियांची. संप नसताना रात्री वॉर्डात किती जणी असतात, हा प्रश्न मागेच राहिला.

मनुष्यबळ आणि आस्था एकत्र आली की काय घडते, हे याच राज्याने पाहिले आहे. १९७३ च्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग यांना केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी २०१५ पर्यंत सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात प्रशंसेने दखल घेतली. त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकारही न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. ‘सोबत कोण आहे?’ या प्रश्नाचे उत्तर तिथे ‘सिस्टर’ असे होते.

भिवंडीच्या त्या कामगाराला बेचाळीस वर्षांची नव्हे, आठ-दहा दिवसांची शुश्रूषा हवी असते. मागावर परतण्यासाठी त्याला तेवढी पुरते. ती त्याला सोबत आणता येत नाही. ती रुग्णालयात आधीपासूनच असायला हवी.