बँड टिकतो कशानें ?

नव्याचे नऊ दिवस ही म्हण रॉक संगीताच्या क्षेत्रांत पदोपदीं प्रत्ययास येते. तीन-चार तरुण गिटार व ड्रम घेऊन बँड उभा करतात, आणि कोठें नांव होऊं लागतें न लागतें तोंच भांडून वेगळे होतात. असें असतां कांहीं बँड पन्नास-साठ वर्षें टिकतात, व आजोबा आणि नातू एकाच मैदानांत उभे राहून त्यांचें गाणें ऐकतात, याचें कारण काय ? कित्येकांच्या मतें तें असामान्य प्रतिभेंत आहे. आम्हांस तें मत पटत नाहीं. प्रतिभेनें बँड प्रसिद्धीस येतो. टिकतो तो न्याय्य वाटणीनें.

प्रतिभाच पुरेशी असती तर लिव्हरपूलची बीटल्स मंडळी १९७० सालीं फुटली नसती, आणि भागीदारी मोडण्यासाठीं त्यांतील एकास त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायालयांत जावें लागलें नसतें.

याच्या उलट आयर्लंडमधील यू-टू या बँडचें उदाहरण पाहावें. १९७६ सालीं डब्लिन येथील माउंट टेंपल शाळेच्या सूचनाफलकावर लॅरी मलन नांवाच्या चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यानें, बँडसाठीं सोबती पाहिजेत, अशी चिठ्ठी लावली. पहिली तालीम त्याच्या घरच्या स्वयंपाकघरांत झाली. त्या शाळेंतील बोनो, एज, ॲडम क्लेटन व मलन या चौघांनींच पुढें सारी कीर्ति मिळविली. गीतांचे शब्द बहुतांशीं बोनोचे. तथापि संगीताचें श्रेय साऱ्या बँडच्या नांवें लिहावें व उत्पन्न सारखें वाटून घ्यावें, हें तत्त्व त्यांनीं आरंभींच स्वीकारलें. २०२३ सालीं शस्त्रक्रियेमुळें मलन लास व्हेगासच्या प्रयोगांस येऊं शकला नाहीं, तेव्हां बदली वादक बसविला गेला. मलनची जागा मात्र त्याचीच राहिली. इंग्लंडच्या क्वीन या बँडनेंही १९८९ च्या 'द मिरॅकल' पासून गाण्यांचें श्रेय चौघांच्या नांवें लिहिण्याची पद्धति घातली.

यावर कोणी म्हणेल, रोलिंग स्टोन्सचें काय ? त्यांच्या बहुतेक गाण्यांवर जॅगर व रिचर्ड्स या दोघांचींच नांवें आहेत. तरी १९६२ पासून तो बँड चालत आला आहे. हा आक्षेप खरा आहे. परंतु वाटणी केवळ पैशाची नसते, मानाचीही असते. त्यांचा मूळ पियानोवादक इअन स्टुअर्ट यास, त्याचें रूप बँडला शोभत नाहीं म्हणून, १९६३ सालीं व्यवस्थापकानें वगळलें. हा उघड अन्याय होता. तरीही १९८५ सालीं मृत्यु येईपर्यंत तो बँडचें सामान सांभाळीत व पडद्याआडून पियानो वाजवीत राहिला. पुढें १९८९ सालीं अमेरिकेंतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेनें बँडचा गौरव केला, तेव्हां सभासदांत स्टुअर्टचेंही नांव घातलें गेलें. ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१ सालीं वारला. पण २०२३ च्या 'हॅकनी डायमंड्स' मधील दोन गाण्यांत ड्रम त्याचाच आहे, आणि १९९३ सालीं बँड सोडून गेलेला बिल वायमन त्यांतील एका गाण्यांत पुन्हां वाजवितो.

हे वृद्ध जुन्या गाण्यांवरच जगतात, या टीकेंतही थोडें तथ्य आहे. तथापि श्रोता तेथें केवळ आपलें तारुण्य आठवावयास जात नाहीं. आपल्या मैत्र्या तुटल्या, यांची टिकली, हें त्यास डोळ्यांनीं पाहावयाचें असतें.

शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या निमित्तानें लहानमोठे बँड निघतात. विद्यार्थ्यांनीं बँडला नांव कोणतें द्यावें हा वाद घालण्यापूर्वीं, मिळेल तें वाटावें कसें, हें ठरवावें. आणि जो ड्रम उचलून आणतो त्याचेंही नांव कार्यक्रमपत्रिकेंत छापावें, अशी आमची सूचना आहे.