पावसातली सहल आणि बसचा ॲडव्हान्स

ऑगस्ट लागला की वस्त्यावस्त्यांत एकच बोलणे सुरू होते. पंधरा ऑगस्टला कुठे जायचे? पुणे-पिंपरीकडच्या आपल्या महिला मंडळांचे उत्तर बहुतेक ठरलेले असते : कार्ला, भाजे नाहीतर बेडसे. लेणी पाहायची, चैत्यगृहात वंदना घ्यायची, डबे सोडायचे, अंधार पडायच्या आत घरी. यात गैर काही नाही. उलट आम्ही तर म्हणतो, जाच.

ही सुट्टी कशी मिळते हे ज्या घरकाम करतात त्यांना विचारा. सुट्टीच्या दिवशी मालकीणबाई घरीच असतात, त्यामुळे भांडी उलट वाढतात. चार घरी विनवण्या करून, शेजारणीला बदलीवर पाठवून ही बाई तो एक दिवस काढते. कंत्राटी सफाईवाल्यांची, हाउसकीपिंगवाल्यांची गोष्ट वेगळी नाही. वर्षात एक दिवस ती स्वतःच्या पायांनी स्वतःसाठी चालते. बाकी चालणे सगळे कामाचेच.

अडचण एवढीच की हा दिवस भर पावसात येतो.

मग वस्तीत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पावसात बायापोरांना घेऊन डोंगरावर कशाला, घरी बसा. (हे सांगणाऱ्यांतले काही जण त्याच दिवशी मित्रांबरोबर धबधब्याखाली बाटली घेऊन उभे असतात, ते सोडा.) दुसरा पक्ष म्हणतो, पाऊस काय आपल्याला नवीन आहे? गळक्या पत्र्याखाली राहणाऱ्यांना पावसाची भीती दाखवू नका.

मध्यंतरी एका बैठकीत एक आजोबा म्हणाले, तथागतांनी भिक्खूंना वर्षावास सांगितला, पावसाळ्यात फिरू नका म्हणाले, तुम्हाला कसली घाई? मुद्दा बरोबर आहे. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खू एका जागी राहत, आणि ही लेणी त्याच राहण्याच्या कामाची. पण त्या नियमातही गरजेच्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जायची मुभा होती. आमच्या बायका तर एकच दिवस मागतात.

आमचे मत या दोन्ही पक्षांहून वेगळे आहे. पावसात जाणे ही चूक नाही. चूक होते ती पैसे जमवण्यात आणि निर्णयाची वेळ ठरवण्यात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वस्तीतल्या ४५ जणींनी माणशी ४०० रुपये काढून बस केली. १८ हजारांतले १० हजार ॲडव्हान्स म्हणून आधीच गेले. आदल्या रात्री पाऊस थांबेना. निम्म्या बायकांच्या मनात ‘नको’ होते, पण तोंडाने कोणीच बोलले नाही, कारण बोलणारीवर दहा हजार बुडवल्याचा ठपका आला असता. बस निघाली. शेवाळलेल्या पायऱ्यांवर एका ताईंचा पाय घसरला, त्या हातावर पडल्या, मनगट मोडले. वाहून गेले नाही कोणी, पेपरात बातमी आली नाही. पण प्लॅस्टर सहा आठवडे होते, आणि तेवढ्या दिवसांत त्यांची चारपैकी दोन घरे दुसरीकडे गेली. हाड जुळले, घरे परत मिळाली नाहीत. आपल्याकडे घसरून पडण्याची किंमत दवाखान्याच्या बिलावर संपत नाही, म्हणून ही गोष्ट सांगितली.

तेव्हा पहिली सूचना : बस करू नका. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. तिथून भाजे लेणी तीनेक किलोमीटर. चालवत नसेल त्यांच्यासाठी रिक्षा बघा. लोकलला ॲडव्हान्स नाही, ठेकेदार नाही, रद्द केले तर कोणाचा रुपया बुडत नाही. दुपारी गाड्या विरळ असतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवा. बस करायचीच असेल तर मालकाकडून कागदावर लिहून घ्या की हवामान खात्याचा इशारा आला तर त्याच पैशांत दुसरी तारीख मिळेल. कागद देत नसेल तर ती बस घेऊ नका.

दुसरी सूचना : ‘नको’ म्हणणारी आधी नेमा. मंडळाची अध्यक्ष नको, पैसे जमवणारी तर मुळीच नको. ज्यांना कोणाची भीड नाही अशा दोघी निवडा. दोघींपैकी एकीने जरी ‘नको’ म्हटले तरी बेत रद्द, आणि त्यांना कारण विचारायचे नाही, टोमणा मारायचा नाही. हे वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. हसू येईल, पण घ्या.

या दोघींनी काय पाहायचे? आपल्या वस्तीत पडणारा पाऊस पाहू नये. पुण्यात भुरभुर असते तेव्हा लोणावळ्याला धो धो कोसळत असतो. हवामान खाते पुणे शहराचा आणि घाटमाथ्याचा इशारा वेगवेगळा देते. आपण घाटमाथ्याचा पाहायचा. एका दिवसात ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो जोरदार पाऊस, ११५.६ पासून पुढे अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. हे आकडे लक्षात नाही राहिले तरी चालेल, रंग लक्षात ठेवा. घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड असेल तर लेणी रद्द. यलो असेल तर जा, पण फक्त लेणीपर्यंत. मागच्या तीन-चार दिवसांत सतत पाऊस झाला असेल तर आजचा रंग हिरवा असला तरी विचार करा, कारण डोंगर पाणी पिऊन फुगलेला असतो. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला तो असाच पाऊस लागून राहिल्यावर. दीडशेच्या वर माणसे गेली. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश असेल त्या जागी तर जायचेच नाही, मग वर लख्ख ऊन का असेना.

रद्द म्हणजे घरी बसणे नव्हे. इथेच बहुतेकांचे चुकते. दुसरी जागा ठरलेली नसते, म्हणून पहिलीचा हट्ट सुटत नाही. आमची दुसरी जागा त्याच लोकलच्या वाटेवर आहे : देहूरोडचे बुद्धविहार. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपल्यातल्या कितीतरी जणी पन्नास वेळा देहूरोडवरून गेल्या असतील, पण उतरल्या नसतील. डबा तोच, तिकीट त्याहून कमी, आणि ओढा ओलांडावा लागत नाही.

आता वर जायचेच ठरले तर.

धोका वरून पडणाऱ्या पावसाचा कमी, खालून वाहणाऱ्या पाण्याचा जास्त. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली एक बाई आणि चार मुले वाहून गेली. पुण्याहून सहलीला आलेली माणसे. एकमेकांना धरून पाण्यात उभी होती. त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ निघाले, पण वरच्या अंगाला पाऊस पडला की खालचे पाणी काही मिनिटांत वाढते हे त्यांना कोणी सांगितले होते? गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या येऊ लागल्या, आवाज बदलला, की त्याच क्षणी बाहेर पडून उंच जागी जायचे, चप्पल राहिली तर राहू द्यायची. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चौघे गेले. जुना पूल आणि त्यावर माणसे दिसली की आपण त्या गर्दीत भर घालायची नाही. भाज्याच्या वाटेवरही धबधबा आहे आणि तिथे झुंबड असते. तो लांबूनच पाहा.

भाजे गावातून पायऱ्या सुरू होतात तिथे सगळ्यांनी थांबा, डोकी मोजा आणि त्या दोघींना पुन्हा विचारा. इथून परत फिरायलाही लाज नाही. चालीचा वेग सर्वात हळू चालणारीचा. सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळले आहे, तेव्हा जिला धाप लागते तिला आळशी म्हणू नका, बसवा. दुपारी दोन वाजले की उतरायला लागा, मग कोणाचा फोटो राहिला असला तरी.

पायांत घरातली गुळगुळीत स्लीपर नको. तळाला खाचा असलेले, मागून पट्टा असलेले काहीही चालेल. छत्रीने एक हात अडकतो, त्यापेक्षा रेनकोट बरा. तो नसेल तर प्लॅस्टिकचा मोठा कागद डोक्यावरून घ्या. अंगावरचे भिजले तरी हरकत नाही, पण कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हवाच, लहान मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा तर आधी. ओल्या अंगावर वारा लागून कोणी कुडकुडत असेल, बोलणे अडखळत असेल, तर आडोशाला नेऊन ओले काढा, कोरडे घाला, गोड गरम चहा द्या. दारूने अंग गरम होते हा समज खोटा आहे, ती अंगातली ऊब बाहेर घालवते.

दम्याचा पंप, साखरेच्या नि बीपीच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या कमरेला, मैत्रिणीच्या पिशवीत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारीने जेवणाची वेळ चुकवायची नाही. घाम सुटून हात थरथरू लागले तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात. साप चावला तर बांधणे नाही, कापणे नाही, तो अवयव न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

आणि एक गोष्ट, जी सहलीच्या बैठकीत कोणी बोलत नाही. शौचालय. सहलीला जायचे म्हणून आपल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दिवसभर लघवी दाबून ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जळजळ, ताप, कंबरदुखी घेऊन येतात. इतक्या वर्षांच्या नर्सिंगमध्ये प्रत्येक सुट्टीनंतर आम्ही हे पाहिले. चक्कर येण्याचेही कारण बहुधा हेच असते. तेव्हा आधीच्या आठवड्यात दोघींनी जाऊन शौचालय कुठे आहे, उघडे असते का, पाणी आहे का हे पाहून या. नसेल तर दोन जुनी लुगडी आणि दोर बरोबर घ्या, आडोसा करता येतो. पाळी असेल तर तिने घरी बसू नये. जादा पॅड कोरड्या पिशवीत, वापरलेले कागदात गुंडाळून परत आणायचे. हे बैठकीत पुरुषांसमोर मोठ्याने बोला. चौथ्या वाक्याला त्यांचीही सवय होते.

परत आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, साखर असलेल्यांनी तळवा आरशात पाहा. पायाला जखम असताना घाण पाण्यातून चालणे झाले असेल तर ७२ तासांच्या आत मनपाच्या दवाखान्यात दाखवा. लेप्टोच्या बचावाच्या गोळ्या डॉक्टर देतात. त्या मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका, गरोदर बाई आणि लहान मुलांना तर नाहीच. हा धोका डोंगरातल्या ओढ्यापेक्षा आपल्या गल्लीत तुंबलेल्या गटाराच्या पाण्यात जास्त आहे, पण ताप आल्यावर तो कुठून आला ते कळत नाही. पुढच्या पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे यांतले काही झाले, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणच सांगा : पाण्यातून चालले होते, अमुक तारखेला.