श्रोत्यांचा कौल आणि क्वीन्सब्रिजची घरे

न्यूयॉर्कच्या ‘मॉब डीप’ या जोडीचा ‘द इन्फेमस’ हा दुसरा अल्बम 25 एप्रिल 1995 रोजी बाजारात आला, तेव्हा प्रॉडिजी आणि हॅवॉक हे दोघेही रॅप-गायक अवघे वीस वर्षांचे होते. 1993 मधला पहिला अल्बम खपला नाही, म्हणून आधीच्या कंपनीने त्यांना वाटेला लावले होते. दुसऱ्याने अमेरिकेच्या विक्रीतालिकेत पंधरावा क्रमांक गाठला. त्याविषयीच्या मतामतांचा गलबला गेली तीस वर्षे चालू आहे. त्यात दोन तट आहेत आणि मूळ प्रश्न दोघांनाही अडचणीचा आहे.

पहिला तट नीतिरक्षकांचा. ही गाणी खून-मारामारीचे गोडवे गातात, तरुणांना बिघडवतात, हा त्यांचा आरोप. नागरी हक्क चळवळीतून आलेल्या डेलोरिस टकर यांचा अशा गाण्यांवरील संताप प्रामाणिक होता, आणि रॅपमधील स्त्रीविषयक अभद्र भाषेचे समर्थन कोणत्याही समाजवाद्याने करू नये. पण 31 मे 1995 रोजी लॉस एंजेलिसमध्ये मनोरंजन-उद्योगाला संस्कृतीचे धडे देणारे रिपब्लिकन नेते बॉब डोल यांचे काय? त्यांच्याच पक्षाच्या बहुमताने आणि डेमोक्रॅट क्लिंटन यांच्या सहीने ऑगस्ट 1996 मध्ये गरीब कुटुंबांच्या साहाय्याची 1935 पासूनची हमी मोडीत निघाली. मुलाच्या तोंडची शिवी यांना ऐकू जाते. त्याच्या आईची बंद झालेली मदत दिसत नाही.

दुसरा तट रसिकांचा, आणि तो अधिक फसवा आहे. ‘हा अस्सल वस्तीचा आवाज’ असे तो कौतुकाने म्हणतो. जणू दारिद्र्य ही खनिज संपत्ती असून तिच्यातून कला आपोआप पाझरते! वस्तुस्थिती निराळी आहे. प्रॉडिजीचे बालपण लाँग आयलंडवरील हेम्पस्टेडशी निगडित; त्याचे आजोबा बड जॉन्सन हे नामांकित जॅझ सॅक्सोफोनवादक. दोघांची गाठ पडली ती मॅनहॅटनमधील कलाशिक्षण देणाऱ्या सरकारी शाळेत. हॅवॉकने एका गाण्यासाठी हर्बी हॅन्कॉक यांच्या 1969 मधील पियानोचा तुकडा इतका बदलून वापरला की त्याचे मूळ श्रोत्यांना 2011 मध्ये सापडले. हे कारागिराचे श्रम आहेत. त्यांना ‘अस्सलपणा’ म्हणणे म्हणजे श्रमिकाचे कौशल्य नाकारणे होय.

मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा नाक मुरडणारे होते, तसे दाहकतेवर लुब्ध होणारेही होते. कामाठीपुऱ्याचे भाडे कोण वसूल करतो, हे विचारणारे थोडे.

हॅवॉकचे क्वीन्सब्रिज ही 1939 मध्ये खुली झालेली, तीन हजारांहून अधिक घरांची सरकारी वसाहत. उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी. कामगारांना परवडणारे घर देणे हे शासनाचे काम आहे, या ‘न्यू डील’ काळच्या विचाराची ती निशाणी. ही दोन मुले 1974 मध्ये जन्मली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क महानगर दिवाळखोरीच्या काठावर आले. धनकोंचे समाधान करण्यासाठी हजारो शिक्षकांना घरी बसवण्यात आले. शहराच्या विद्यापीठातील विनाशुल्क शिक्षण 1976 मध्ये संपले. कारखाने आधीच चालते झाले होते. उरलेल्या पोकळीत ऐंशीच्या दशकात क्रॅक-कोकेनचा धंदा शिरला. या अल्बममधले भय तिथून आले आहे.

आणि विक्रीचा पैसा? अल्बम काढणारी ‘लाउड’ ही छोटी कंपनी. तिचा माल बाजारात नेणारी आरसीए. आरसीएची मालकी त्या वेळी, 1986 पासून, ‘बर्टल्समान’ या जर्मन प्रकाशन-साम्राज्याकडे होती. 1991 पासून विक्रीतालिका दुकानांतील संगणकीय नोंदींवरून बनू लागल्यावर श्रोत्याचे मत म्हणजे त्याने गल्ल्यावर टाकलेले डॉलर, एवढेच उरले. ज्याच्या खिशात डॉलर नव्हता, तो क्वीन्सब्रिजचाच रहिवासी असला तरी त्याचे मत तेव्हा मोजले जात नव्हते.

1998 मध्ये अमेरिकी संसदेने आणखी एक कायदा केला. सरकारी घरांची संख्या 1 ऑक्टोबर 1999 च्या आकड्यापलीकडे वाढवण्यासाठी केंद्राचा निधी वापरण्यास त्याने मनाई केली. त्यावर नीतिरक्षकांनी भाषणे केली नाहीत, आणि रसिकांनीही कोणाचे मत विचारले नाही.