फ्रिजवरचा ‘५’ म्हणजे पाच अंश नव्हे

मोडनिंब परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी फ्रिजचा नॉब शेवटच्या आकड्यावर जातो. दूध नासू नये, पाणी गार व्हावे, एवढाच हेतू असतो. पण त्याच फ्रिजमध्ये घरातल्या मधुमेही माणसाचे इन्सुलिनही असते. ते गोठले तर निकामी होते.

‘फ्रिज पाचवर ठेवलाय, म्हणजे पाच डिग्री,’ असे ओपीडीत अनेक जण सांगतात. त्यांचा दोष नाही. आकडा दिसला की माणूस तो अंशच समजणार. प्रत्यक्षात नॉबवरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे आकडे थंडी कमी-जास्त करण्याच्या पायऱ्या आहेत. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा जितका मोठा, तितकी थंडी जास्त.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. गोठून वितळलेले इन्सुलिन कधी कधी अगदी पूर्वीसारखेच दिसते, पण त्याचा गुण गेलेला असू शकतो. मग पथ्य पाळूनही साखर वाढते आणि डोस वाढवला जातो. पुढे चांगली बाटली सुरू झाली की तोच वाढीव डोस साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतो. म्हणून एकदा गोठलेली बाटली टाकूनच द्यावी.

लसींच्या बाबतीत सरकारी यंत्रणेने हा प्रश्न केव्हाच ओळखला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवले जाते. ‘ई-विन’ यंत्रणेत तर तापमान आपोआप नोंदले जाते आणि मर्यादा ओलांडली की मोबाइलवर संदेश येतो. उष्णतेइतकीच गोठण्याचीही काळजी घेतली जाते, कारण हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट यांसारख्या लसी गोठल्या की वाया जातात. मग तीच खबरदारी इन्सुलिनला का नको?

माझे म्हणणे साधे आहे. घरगुती फ्रिजवर खरे तापमान दिसावे आणि २ ते ८ अंशांचा पट्टा हिरवा असावा. सरकारी रुग्णालयातून इन्सुलिन देताना सोबत फ्रिजचा साधा तापमापकही द्यावा. वाया गेलेल्या औषधाच्या आणि बिघडलेल्या साखरेच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

तोवर घरी एवढे करा. फ्रिजसाठीचा तापमापक आणून इन्सुलिनशेजारी ठेवा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. इतके कमी तापमान तो दाखवतच नाही. काट्याचा तापमापक असेल, तर २ ते ८ च्या मध्ये हिरव्या नेलपॉलिशने रेघ ओढा, म्हणजे चष्म्याविना आजीलाही कळेल. डिजिटल घ्यायचा तर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा घ्या. सकाळी पाच अंश दिसले, तरी पहाटे तीनला उणे एक झाले होते का, हे त्यावरच समजते. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात, त्याच्या लगेच खाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

उन्हाळ्यात पाणी गार करायला माठ आहे. फ्रिजचा नॉब मात्र इन्सुलिनला सोसेल तेवढाच फिरवा.