काम आपण केले, पण कागद कुठे आहे? बिझनेस स्कूलचा प्रवेश आणि नोकरीच्या अनुभवाची पडताळणी

कॅटचा निकाल लागला की आपल्या अभ्यासिकांमध्ये चर्चा सुरू होते ती पर्सेंटाइलची. कोणत्या आयआयएमचा कटऑफ किती, मुलाखतीचे बोलावणे कुणाला आले, गटचर्चेची तयारी कशी करायची. अर्जातल्या एका रकान्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो रकाना म्हणजे कामाचा अनुभव. एमबीएच्या निवडीत अनेक संस्था या अनुभवाला स्वतंत्र गुण देतात. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थेचा तर मुख्य अभ्यासक्रमच नोकरी केलेल्यांसाठी आहे. आणि या रकान्यात लिहिलेले सिद्ध करता आले नाही, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

पडताळणी कशी होते?

अर्जात तुम्ही कंपनीचे नाव, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पगार लिहिता. निवड झाल्यावर संस्था कागद मागते: नेमणूक पत्र, अनुभव प्रमाणपत्र, कार्यमुक्ती पत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म 16. अमेरिकेतील अनेक नामांकित बिझनेस स्कूल हे काम खासगी पडताळणी कंपन्यांना देतात. त्या तुमच्या जुन्या कंपनीच्या एचआर विभागाशी थेट संपर्क साधतात आणि अर्जातली माहिती कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहतात. भारतात भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक हा आता मोठा पुरावा झाला आहे. कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होतो, हे त्या एका क्रमांकावरून दिसते.

अशी पडताळणी व्हायलाच हवी, हे आम्ही आधी स्पष्ट करतो. खोट्या अनुभवावर कोणी जागा मिळवली, तर ती खरे काम केलेल्या उमेदवाराच्या हातून जाते. प्रश्न आहे तो पडताळणीच्या मोजपट्टीचा.

ही मोजपट्टी कुणासाठी बनली?

मोठ्या कंपनीत कॅम्पसमधून लागलेल्या मुलाकडे हे सगळे कागद आपोआप जमा होतात. आपल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांची गोष्ट वेगळी असते. कोणी बँकेच्या शाखेत बसून काम करतो, पण त्याचा पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून येतो. अर्जात बँकेचे नाव लिहिले तर बँक म्हणते, हा आमचा कर्मचारी नव्हता. कोणी लहान दुकानाचा, गोदामाचा हिशेब तीन वर्षे सांभाळतो, पगार रोखीने. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. त्यामुळे अशा ठिकाणी पीएफची नोंदच नसते.

आणखी एक अट आहे. आयआयएमच्या प्रवेशात साधारणपणे पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभवच धरतात. दिवसा नोकरी करून रात्रीच्या कॉलेजात पदवी घेणाऱ्या मुलीची ती वर्षे गुणांच्या हिशेबात येत नाहीत. घर चालवण्यासाठी लवकर कामाला लागणे ही आपल्या समाजात सर्रास घडणारी गोष्ट आहे, आणि नेमका तोच अनुभव शून्य ठरतो.

पडताळणीत तारखा दिसतात, कारणे दिसत नाहीत. 1917 साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावे लागले, कारण जातीमुळे त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. आजच्या पडताळणीच्या तक्त्यात याची नोंद कशी झाली असती? काही दिवसांची नोकरी, मध्येच सोडली. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्य शिक्षणाच्या नामवंत संस्थेत, अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कामाच्या ठिकाणी अपमान झाला म्हणून नोकरी सोडणारे तरुण आजही आहेत. त्यांच्या नोकरीतल्या खंडाचा अर्थ तारखांवरून लागत नाही.

विकतच्या पत्रापासून सावध

या अडचणीचा फायदा घेणारा बाजारही उभा आहे. पैसे द्या, अनुभव पत्र घ्या. आमचे तरुणांना कळकळीचे सांगणे आहे की या वाटेला जाऊ नका. पंचशीलातले चौथे शील तर आडवे येतेच, व्यवहारानेही हे आत्मघातकी आहे. पत्रावरची कंपनी अस्तित्वात आहे का, तिने कर भरला का, पीएफ जमा केला का, हे तपासणे आता सोपे झाले आहे. पदवी मिळाल्यानंतर खोटेपणा उघड झाला तरी कारवाई होऊ शकते. शिवाय आपल्यातला एक सापडला की बोट आरक्षणाकडे जाते. इतर कोणी सापडला तर त्याच्या जातीची चर्चा होत नाही. हा अन्याय आहेच, पण त्याला आपल्या हाताने निमित्त देऊ नये.

आजपासून काय करावे?

नोकरीच्या पहिल्या दिवशी नेमणूक पत्र मागा. नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पगार शक्यतो बँक खात्यात घ्या. यूएएन सुरू करून त्यातले नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख तपासा. आधार, गुणपत्रिका आणि पीएफमध्ये आडनाव वेगवेगळे असेल तर अर्जाच्या वर्षाची वाट न पाहता दुरुस्ती करून घ्या. ठेकेदारामार्फत काम असेल तर अर्जात ठेकेदाराचेच नाव मालक म्हणून लिहा आणि कामाचे ठिकाण वेगळे नोंदवा. नोकरी सोडताना कार्यमुक्ती पत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. स्वतःचा धंदा असेल तर गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्र जपून ठेवा. खंड असेल तर तो लपवू नका, एका ओळीत खरे कारण लिहा.

कार्यकर्त्यांसाठीही इथे काम आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेत, विहारात महिन्यातून एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवता येईल. बार्टीसारख्या संस्थेने प्रवेश परीक्षांच्या तयारीसोबत हे मार्गदर्शनही द्यावे, अशी मागणी आपण केली पाहिजे. बिझनेस स्कूलांकडेही तीन मागण्या ठेवू: ठेकेदारी आणि असंघटित कामासाठी पर्यायी पुरावे मान्य करा, पडताळणीत तफावत आढळली तर प्रवेश रद्द करण्याआधी उमेदवाराला लेखी कळवून म्हणणे मांडण्याची संधी द्या, आणि पडताळणीचे शुल्क गरीब विद्यार्थ्यांवर टाकू नका.

या मागण्यांत सवलत काहीच नाही. केलेल्या कामाची खरी नोंद व्हावी, एवढेच आपण मागतो आहोत. तुमच्या गावात, वस्तीत कोणी एमबीएची तयारी करत असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे किंवा तिच्याकडे एकदा चौकशी करा: कागद जमवलेत का?

जय भीम! नमो बुद्धाय!