पहिली पेशी



या सदरात भाडेकरार, वारसाहक्क, न वटलेले धनादेश यांवर लिहिणे मला कधी जड गेले नाही. आजचा विषय मात्र आपल्या घरांत निघतच नाही. आणि निघालाच तर दार लोटून, हलक्या आवाजात निघतो.

काही काळापूर्वी वर्ध्यातील एका व्यापारी गृहस्थांचा रात्री साडेबारा वाजता दूरध्वनी आला. मुलगा नागपूरहून मित्राच्या स्वागतसमारंभातून परतत असता नाकाबंदीत अडविला गेला होता. श्वासतपासणीच्या यंत्राने मद्य दाखविले होते. गृहस्थांचा पहिला प्रश्न होता, "वकीलसाहेब, कोणाला सांगावे लागेल तेवढे सांगा." दुसरा प्रश्न त्याहून करुण होता. "त्याच्या आईला कळू न देता हे मिटेल ना?"

मिटत नाही, हे प्रथम सांगावयास हवे. मोटार वाहन कायद्यातील बरेच गुन्हे जागेवर दंड भरून तडजोडीने निकाली निघतात. कलम १८५, म्हणजे मद्यपान करून वाहन चालविणे, हा त्यांत बसत नाही. न्यायालयातच जावे लागते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा पूर्ण झाला. मग गाडी सरळ चालत होती की वाकडी, हा प्रश्न उरत नाही. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेस कैदेची मर्यादा दोन वर्षे आणि दंड १५,००० रुपये. पुष्कळांना ठाऊक नसते ती गोष्ट निराळीच आहे: दोष सिद्ध झाल्यास न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवावे, असे कलम २० सांगते. ज्याचा धंदा हिंगणघाट, पुलगाव, आर्वी अशा फेऱ्यांवर उभा आहे, त्याला दंडापेक्षा हेच अधिक जाणवते.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. गांधीजींच्या सेवाग्रामचा हा जिल्हा अनेक दशकांपासून दारूबंदीचा जिल्हा आहे. येथे परवान्याचे मद्यालय नाही, म्हणून हौशी मंडळी जिल्ह्याची हद्द ओलांडून जातात आणि रात्री गाडी हाकीत परततात. बंदीमुळे पिणे थांबले की केवळ प्यायल्यानंतरचा रस्ता लांबला, हा वाद मी येथे घालीत नाही. मात्र वर्धा जिल्ह्यात पकडले गेल्यास मोटार वाहन कायद्याबरोबर १९४९ चा दारूबंदी कायदाही पुढे येऊ शकतो. त्या कायद्यात रक्तातील मद्यार्क ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास, आपण निषिद्ध मद्य घेतले नाही हे दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. गाडीच्या डिकीत उरलेली बाटली सापडली, तर ती आणखी वेगळी बाब.

त्या रात्री मी गृहस्थांना एवढेच सांगितले, की कोणालाही दूरध्वनी करू नका, ठाण्यावर जा. हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा हक्क आहे, उपकार नव्हे. अटक झाली असल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, अन्यथा सोडावे लागते. तपासणीस नकार देण्याचा सल्ला शहाणे मित्र देतात. तो ऐकू नये. सबळ कारणावाचून दिलेला नकार आरोपीच्याच विरुद्ध धरता येतो.

पेशीपूर्वी वकिलाकडे काय न्यावे? आरोपाची प्रत, श्वासयंत्रातून निघालेली चिठ्ठी, वैद्यकीय दाखला, वाहनपरवाना, गाडीची कागदपत्रे. चिठ्ठीवरील वेळ अटकेच्या नोंदीशी जुळते का, हे मी स्वतः प्रथम पाहतो. ही पळवाट नव्हे. १९७१ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की तोंडास वास येणे, चाल डळमळणे एवढ्यावरून आरोपी मद्याच्या अमलाखाली होता हे सिद्ध होत नाही. रक्ताची तपासणी झालेली नव्हती. पुरावा पुरावाच असावा लागतो. पण पुरावा नेटका असेल, तर आपल्या अशिलास मी तेही स्पष्ट सांगतो.

न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल आहे काय?" व्यापारी माणसाला त्या क्षणी दुकान आठवते. 'कबूल' म्हणून, पैसे भरून, दुपारच्या आत गल्ल्यावर परतावे, असे वाटते. कबुली खरी असेल तर ती द्यावीच. मात्र ती पावती नव्हे, दोषसिद्धी आहे, हे जाणून द्यावी. पुढे अशीच चूक झाली तर ती 'दुसरी' गणली जाते, आणि कबुलीनंतर अपील केवळ शिक्षेपुरते उरते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडण्याची विनंती करता येते. ती मान्य करणे न्यायालयाच्या इच्छेवर. आणि काही झाले तरी तारीख चुकवू नये. साध्या प्रकरणाचे वॉरंट होते ते तारीख चुकवूनच. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाच्या पारपत्रालाही प्रलंबित खटला आडवा येतो. तेथे न्यायालयाची परवानगी लागते.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते. दुसऱ्या दिवशी गृहस्थ माझ्याकडे आले ते दुकानाच्या ड्रायव्हरला घेऊन. वीस वर्षांचा विश्वासू माणूस, खाली मान घालून उभा. "गाडी हा चालवीत होता असे म्हटले तर?" मी ड्रायव्हरला चहा पाजून बाहेर बसविले आणि गृहस्थांस पुण्याची आठवण दिली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्यानंतर ड्रायव्हरवर दोष घेण्यासाठी दबाव आणल्याच्या आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपांखाली मुलाचे वडीलधारे आणि डॉक्टर अटकेत गेले. मुलाला वाचविण्याच्या धडपडीतून घरच्या मोठ्यांवर नवे गुन्हे दाखल झाले. आपल्या प्रकरणात तर कोणास खरचटलेदेखील नव्हते. गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी काय करायला निघालो होतो!"

आपण पर्युषणात वर्षभरातील चुकांची आलोचना करतो, पण वकिलासमोर बसताना निम्मी हकीकत गाळतो. मुलाने मला सर्व सांगितले. किती प्यायला, कोठे, त्याआधी कितीदा. शेवटचे उत्तर वडिलांनी प्रथमच ऐकले. त्या संध्याकाळी आईला त्याने स्वतः सांगितले. मी तेथे नव्हतो, आणि काय झाले ते विचारलेही नाही.

पेशीस पितापुत्र दोघे आले. मुलाने कबुली दिली. दंड झाला, सहा महिने वाहन चालविण्यास मनाई झाली. गाडीची किल्ली तेव्हापासून गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगलेली होती. मुलगा सायकलवरून दुकानी येई, आणि बाहेरगावच्या वसुलीला ड्रायव्हरच्या शेजारी बसून जाई.